भय्यासाहेब गर्दे यांचा समुद्र

जबलपुरातल्या मराठी घरांत एक रीत होती. मूल शाळेत जरा रुळलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला भय्यासाहेब गर्द्यांच्या स्वाधीन करायचं. आई नर्मदेच्या ग्वारीघाटाच्या वरच्या पायरीवर थांबायची, तीही पाठ फिरवून, कारण तिला बघवायचं नाही. भय्यासाहेब मुलाला कमरेएवढ्या पाण्यात न्यायचे, आडवं करायचे आणि पोटाखाली तळहात धरायचे. ट्यूब नाही, डबा नाही. एक तळहात. मूल हातपाय मारायचं, पाणी प्यायचं, रडायचं. अशा काही सकाळी जायच्या आणि मग एके दिवशी तो तळहात तिथे नसायचा. कधी काढून घेतला हे मुलाला कळायचं नाही. आपण तरंगतो आहोत हे समजण्याच्या आधीच ते तरंगत असायचं.

त्यांचं खरं नाव विष्णू त्र्यंबक गर्दे. तोफगाड्यांच्या कारखान्यात ते चार्जमन होते, कामगारांवर देखरेख करायचे. पण त्या नोकरीबद्दल ते फारसं बोलत नसत, आणि कोणी विचारतही नसे. कारखान्यातून ते निवृत्त झाले, नदीतून झाले नाहीत. आधी सायकलवर, मग स्कूटरवर, हिवाळ्यातही, ते पहाटे नर्मदेवर असायचे. घाटावरचे नाववाले त्यांना ‘दादा’ म्हणायचे आणि त्यांच्या वाटेत नाव आणायचे नाहीत.

शिकवताना ते कमी बोलत. सांगण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं, आणि ते हिंदी मुलाला हिंदीत, मराठी मुलाला मराठीत तसंच्या तसं सांगत. धारेशी भांडायचं नाही. धार ओढू लागली की अंग सोडून द्यायचं, थोडं तिरकं व्हायचं. नदी आपणहून कडेला आणून ठेवते. आज नाही तर पुढच्या वळणावर, पण ठेवते. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी पुराच्या पाण्यात सापडून ते स्वतः एकदा पार खाली तिलवारा घाटाच्या बाजूला जाऊन लागले होते, तेव्हापासून ते त्यांच्या अंगातच होतं.

एकच मूल त्यांना शिकवता आलं नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा, अपूर्व.

अपूर्व तळहातावर नीट आडवा व्हायचा, हातपायही बरे मारायचा. पण तो सारखा मान वळवून खाली बघायचा. तळहात आहे की नाही. बाकीची मुलं बघत नसत, हा बघायचा. एका सकाळी त्यानं बघितलं आणि तळहात नव्हता. तो दगडासारखा खाली गेला. भय्यासाहेबांनी लगेच काढला त्याला, पोटभर पाणी प्यायला होता, बाकी काही नाही. पण त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. भय्यासाहेबांनीही म्हटलं नाही, चल. त्यांनी मुलाला कधी रागावून सांगितलं नाही, समजावून सांगितलं नाही. रोज सकाळी स्कूटर काढताना ते एकदा त्याच्या खोलीच्या दाराकडे बघायचे आणि जायचे. अपूर्व आत जागा असायचा.

तो शिकला, हैदराबादला नोकरीला लागला. इंदूरच्या अवंतीशी लग्न झालं. चाळिशी जवळ आल्यावर त्यानं तिथल्या सोसायटीच्या तलावात, लहान मुलांच्या तुकडीत उभं राहून पोहणं शिकून घेतलं. हे त्यानं आईला फोनवर सांगितलं आणि बाबांना सांगू नको म्हणाला. सुमेधाबाईंनी खरंच सांगितलं नाही.

मग एका दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

“बाबा, जानेवारीत सुट्टी घेऊन राहिलो. अंदमानला जाऊ. शिडाच्या जहाजावरच राहायचं, बेटाबेटानं फिरायचं. पाण्यात उतरून कोरल बघायचं.”

“उतरणार कोण?”

“मी.”

भय्यासाहेबांनी फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

“अच्छा,” ते म्हणाले.

शेजारचे बापू जोग त्यांच्याबरोबर कारखान्यात होते. ते फाटकातूनच ओरडले, “इंग्रज होते तेव्हा लोकांना धरून काळ्या पाण्यावर धाडायचे. तू आपल्या पायानं जाऊन राहिला.”

“चल ना मग. सजा मी भोगतो, तू सामान उचल.”

“माझं सामान कोण उचलेल?”

सुमेधाबाई मात्र आत बॅग भरत होत्या. गूळपापडीचा डबा कपड्यांत गुंडाळताना त्या म्हणाल्या, “त्याला पाण्यात काही बोलू नका.”

“मी काय बोलतो?”

“तुम्ही बोलत नाही, तेच.”

भय्यासाहेबांना हे कळलं. म्हणजे या वेळी काहीतरी बोलायला हवं, इतकं कळलं. काय, ते कळलं नाही.

जहाज लहान होतं. दोन खोल्या, एक ओटा, मध्ये डोलकाठी. चालवणारा टोपो नावाचा मध्यमवयीन माणूस होता. त्याचे आजोबा रांचीकडून इथे जंगलतोडीच्या कामाला आणले गेले होते. त्याचा भाऊ मागे बांधलेली मोटरची छोटी होडी सांभाळायचा. टोपो कमी बोलायचा, म्हणून भय्यासाहेबांना तो आवडला. शीड चढलं आणि इंजिन बंद झालं तेव्हा सुमेधाबाईंनी विचारलं, “बंद पडलं का?” टोपो हसला. “नहीं आंटी, अब चालू हुआ.”

पहिला दिवस सुमेधाबाईंनी आडवं पडून काढला. भय्यासाहेब ओट्यावर बसून पाण्याकडे बघत राहिले. एवढं पाणी, आणि त्याला कड नाही. नदीचं पाणी कुठून तरी येतं आणि कुठे तरी जातं. हे नुसतं होतं. दुपारी बेटाच्या आडोशाला नांगर टाकल्यावर ते उतरले, आणि मिठाच्या पाण्यानं त्यांना असं वर उचललं की ते मोठ्यानं हसले. सुमेधाबाईंनी उठून बसून विचारलं, काय झालं. “नदी खाली घेते गं,” ते पाण्यातून म्हणाले. “हा वर ठेवतो.”

अपूर्व त्या दिवशी लाइफ जॅकेट घालून जहाजाच्या शिडीजवळच राहिला. डोळ्यांना काच, तोंडात नळी, तोंड पाण्यात. दुसऱ्या दिवशी थोडा लांब गेला. भय्यासाहेब बघत होते. त्याचे हात बरोबर पडत होते. कोणी शिकवलं, असं विचारावंसं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनीही काच लावून खाली बघितलं. चित्रात असतात तसे रंग नव्हते. तपकिरी, मातकट, सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या. काही ठिकाणी सगळं पांढरं पडलं होतं, चुन्यासारखं. टोपो म्हणाला, मागच्या एका उन्हाळ्यात पाणी तापलं, तेव्हा मेलं. त्यातूनही निळे मासे ये-जा करत होते, जणू घर जळालं हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते एका निर्जन बेटापाशी थांबले. इथे प्रवाळाचा कडा बेटाला वळसा घालून गेला होता, आणि एके ठिकाणी त्याला खिंड होती. कड्याच्या आत पाणी हिरवं आणि शांत, खिंडीच्या पलीकडे काळंनिळं. जहाज आतल्या बाजूला नांगरलेलं. टोपोनं मागच्या बाजूनं एक लांब दोर पाण्यात सोडला, टोकाला नारिंगी डबा. पोहणाऱ्यानं थकल्यावर पकडायला.

“अभी पानी खड़ा है,” तो म्हणाला. “थोड़ी देर में भाटा लगेगा. फिर ये रास्ता नल हो जाता है अंकल. उसके पहले सबको ऊपर आना है.” म्हणजे ओहोटी लागली की आतलं सगळं पाणी त्या खिंडीतून नळासारखं बाहेर ओढलं जाणार होतं.

अवंती टोपोच्या भावाबरोबर छोट्या होडीतून बेटावर गेली, शंखशिंपले बघायला. अपूर्व ओट्यावर जॅकेट चढवत होता. भय्यासाहेब नुकतेच पोहून वर आले होते, पंचानं डोकं पुसत होते. बोलायला हवं होतं, आणि त्यांना बोलायला एक थट्टा सापडली.

“हे काय घातलंस? बारशाचं अंगडं?”

अपूर्व थांबला. मग हसला. लहानपणापासून या माणसानं पाण्याच्या बाबतीत त्याची कधी थट्टासुद्धा केली नव्हती. त्यानं जॅकेट काढून ठेवलं.

“सर, जैकेट,” टोपो म्हणाला.

“बाबांसमोर नको,” अपूर्व म्हणाला, आणि उडी मारली.

तो चांगला पोहला. खरंच चांगला. भय्यासाहेब कठड्याला धरून उभे होते आणि त्यांच्या अंगात काहीतरी हळूहळू सैल होत होतं. अपूर्वनं एकदा पाण्यातून डोकं वर काढून जहाजाकडे बघितलं. भय्यासाहेब म्हणाले, “छान.” ते त्याला ऐकू गेलं असावं, कारण तो आणखी लांब गेला, खिंडीच्या बाजूला.

टोपोनं हाक मारली. “सर, वापस.”

“जाऊ द्या हो,” भय्यासाहेब म्हणाले. “पोहून राहिला तो.”

टोपोनं पाण्याकडे बघितलं. दोर आता सैल नव्हता. ताणून सरळ झाला होता, आणि डब्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्यावर रेघ उठत होती.

अपूर्वलाही कळलं. तो वळला आणि जहाजाकडे पोहू लागला. हात पडत होते, पण तो जागच्या जागी होता. मग जागच्या जागीही राहिला नाही. डबा त्याच्यापासून थोड्याच हातांवर होता, जरा डाव्या अंगाला, जरा वर. त्या तेवढ्या पाण्यासाठी धारेविरुद्ध जोर लावायला हवा होता.

“रस्सी! सर, रस्सी पकड़ो, ज़ोर लगाओ!”

आणि त्याच क्षणी भय्यासाहेबही ओरडले. त्यांनी ठरवलं नव्हतं. आयुष्यभर जे घाटावर सांगितलं तेच तोंडातून गेलं.

“भांडू नको! सोड अंग, अपूर्व, सोडून दे!”

अपूर्वनं मान वळवून वर बघितलं, बापाकडे. आणि त्यानं अंग सोडलं. डबा मागे राहिला. खिंडीनं त्याला उचललं आणि तो पलीकडच्या काळ्या पाण्यात निघून गेला, आडवा, शांत, अगदी शिकवल्यासारखा.

भय्यासाहेबांचा एक पाय कठड्यावर होता. टोपोनं त्यांना मागून कमरेला धरून खाली ओढलं.

“एक गया है, दो नहीं जाएँगे.” मग त्यानं त्यांचा उजवा हात मनगटाला धरून सरळ केला, दूरवरच्या त्या काळ्या ठिपक्याकडे. “अंकल, अब आपका काम सिर्फ़ देखना है. हाथ उसी पर रखिए. मैं पानी नहीं देखूँगा, आपका हाथ देखूँगा. कुछ भी हो जाए, नज़र नहीं हटाना.”

तो नांगराकडे धावला. साखळी खडखडत वर येऊ लागली. भावाला त्यानं वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं. इंजिन लागलं. जहाज खिंडीकडे वळलं.

भय्यासाहेब हात लांब करून उभे होते. सुमेधाबाई मागून आल्या होत्या आणि त्यांनी त्यांच्या सदऱ्याचा घोळ मुठीत धरला होता. त्यांना पाण्याकडे बघवत नव्हतं. त्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या.

“दिसून राहिला ना?”

“हो.”

डोकं लाटेवर यायचं, लाटेमागे जायचं. यायचं, जायचं. जहाज खिंडीतून बाहेर पडलं तेव्हा ऊन समोरून आलं, आणि सगळ्या पाण्याचा पत्रा झाला. भय्यासाहेबांनी डोळे बारीक केले. एक ठिपका होता. तो मासा होता, किंवा ढगाची सावली, किंवा काही नव्हतं. त्यांनी वाट बघितली. पुढच्या लाटेवर येईल. आला नाही. त्याच्या पुढच्या लाटेवरही नाही.

हात मात्र तिथेच होता.

टोपो सुकाणूवरून त्यांच्या हाताकडे बघत होता आणि हात दाखवील तिकडे जहाज नेत होता. हात थोडा उजवीकडे झाला की जहाज थोडं उजवीकडे. भय्यासाहेबांना ते जाणवत होतं. पायाखालचं सगळं लाकूड त्यांच्या हातावर विश्वास ठेवून चाललं होतं. हात खाली घेतला तर मूल गेलं असं होईल. जोवर तो वर आहे तोवर त्याच्या टोकाशी कोणीतरी आहे. असं काहीसं त्यांच्या डोक्यात होतं, विचार म्हणता येणार नाही इतकं धूसर. त्यांनी पाण्यातली एक गर्द जागा धरली आणि तिच्यावर हात ठेवला.

“दिसतो ना हो?” सुमेधाबाईंनी पुन्हा विचारलं.

“दिसतो.”

खांदा दुखू लागला. पाणी सगळीकडे सारखं होतं. पुढचं वळण नव्हतं, कड नव्हती, तिलवारा नव्हता. ज्या एका गोष्टीवर ते आयुष्यभर उभे होते ती इथे नव्हतीच, आणि मुलाला त्यांनी तीच धरायला सांगितली होती. जहाज पुढे जात राहिलं. मागे बेट बुटकं होत गेलं. शेवटी ते म्हणाले, “मला दिसत नाही.”

टोपोला मराठी कळली नाही. त्यांना ते हिंदीत पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

“नहीं दिख रहा.”

“कब से?”

टोपोनं त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं. रागानं नाही. मग त्यानं इंजिन बंद केलं, ऐकायला. काही ऐकू येत नव्हतं. पाणी लाकडाला लागत होतं, एवढंच. सुमेधाबाईंची मूठ सदऱ्यावरून सुटली. भय्यासाहेबांना ती सुटलेली कळली, पण त्यांना मागे वळता आलं नाही. हात अजून अर्धा वर होता.

वॉकीटॉकी खरखरला. टोपोचा भाऊ बोलत होता. साहेब सापडले. कड्यावर उभे होते.

धारेनं अपूर्वला खिंडीतून बाहेर काढलं, आणि बाहेर निघताच कड्याच्या टोकाला वळसा घालून मागे फिरवलं, आणि तिथल्या उथळ खडकावर नेऊन आपटलं. ओहोटीमुळे तो भाग उघडा पडत चालला होता. तो उठून उभा राहिला, गुडघाभर पाण्यात, आणि दोन्ही हात हलवत राहिला. बेटावरून निघालेल्या अवंतीनं त्याला आतल्या बाजूनं बघितलं. जहाज त्या वेळी समुद्राकडे तोंड करून लांब लांब जात होतं.

संध्याकाळी तो ओट्यावर चादर गुंडाळून बसला होता. पोटऱ्या प्रवाळानं सोलून निघाल्या होत्या. अवंती चिमट्यानं त्यातले कण काढत होती. मधेच तिनं जॅकेट उचललं आणि त्याच्या शेजारी ठेवलं, बस.

“बाबा,” अपूर्व म्हणाला, “तुम्ही ओरडलात ना, सोड अंग. मी सोडलं. एकदम हलकं वाटलं. आणि धारेनंच नेऊन ठेवलं मला.”

पलीकडे टोपो नारिंगी डब्याचा दोर गुंडाळत होता. त्याला काय कळलं आणि काय नाही, कोण जाणे. तो गुंडाळत राहिला.

भय्यासाहेब बरोबर होते की चूक, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही नाही. दोर धरला असता तर अपूर्व सुखरूप वर आला असता. सोडल्यावरही आला. पण आला तो योगायोगानं. जरा इकडे तिकडे झालं असतं तर तेच पाणी त्याला बाहेर घेऊन गेलं असतं. या दोन गोष्टी त्यांना एकमेकींशेजारी ठेवता येत नव्हत्या. एक हातात घेतली की दुसरी पडायची.

जबलपूरला परतल्यावर सुमेधाबाईंनी सत्यनारायण घातला. अपूर्व आणि अवंती हैदराबादला जाण्याआधी त्यासाठी थांबले. बापू आले, समोरच्या बेबीताई आल्या, कारखान्याच्या दिवसांतली दोन-चार कुटुंबं आली. आरती झाली आणि सगळे बैठकीत टेकले. अपूर्वच्या पायावरच्या पट्ट्या बघून बेबीताईंनी विचारलं आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. तो चांगलं सांगत होता. खिंड, पाणी, बाबांचा आवाज.

“आणि बाहेर गेल्यावर मी वळून बघितलं,” तो म्हणाला, “तर बाबांचा हात. जहाजावर उभे आणि हात असा सरळ माझ्यावर. एकदम भरोसा आला. म्हटलं, चलो, बाबा देख रहे हैं.”

“बापाचा हात आहे तो,” बेबीताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“मला तो दिसत नव्हता,” भय्यासाहेब म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“काय म्हणून राहिला?” बापू म्हणाले.

“अपूर्व मला दिसत नव्हता. हात भलतीकडेच होता. हिनं विचारलं तर मी दिसतो म्हणालो.”

मग बापू मोठ्यानं हसले आणि त्यांनी भय्यासाहेबांच्या पाठीवर थाप मारली. “ऐका. पोराला मरणातून काढलं आणि वर म्हणून राहिला, दिसत नव्हता. आयुष्यभर हा असाच. कारखान्यात बक्षीस द्यायला बोलावलं तर हा घाटावर.”

बाकीचेही हसले. प्रेमानं हसले.

“खरं सांगून राहिलो,” भय्यासाहेब म्हणाले. “दोर होता तिथे. मीच म्हटलं सोड.”

“काहून असं बोलता भाऊजी?” बेबीताई म्हणाल्या. “शुभ दिवशी?”

भय्यासाहेबांनी सुमेधाबाईंकडे बघितलं. बाईंना ठाऊक होतं. त्यांची मूठ होती त्या सदऱ्यावर. पण त्या वाकून शिऱ्याचे द्रोण मांडत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

मग अपूर्व जरा पुढे सरकला आणि हळू आवाजात, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, “बाबा, राहू द्या ना.”

त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. भय्यासाहेब त्याच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी तो खडकावर उभा होता, दोन्ही हात हलवत, आणि जहाज त्याच्यापासून लांब जाताना त्यानं बघितलं होतं. त्या जहाजावर एक माणूस होता. त्याचा हात कुठे होता हे या जगात सगळ्यात नीट कोणी बघितलं असेल तर ते यानं.

“मग?” बेबीताई म्हणाल्या. “हात दिसला, मग?”

अपूर्व त्यांच्याकडे वळला. “मग काय,” तो म्हणाला, “हात माझ्यावर, आणि जहाज माझ्याकडे.” आणि तो पुढे सांगू लागला. भय्यासाहेब द्रोण हातात धरून सगळ्यांबरोबर ऐकत बसले.